दातांची कीड आणि उपकारक जंतू



दाताला 'कीड' लागली असे आपण म्हणतो. पूर्वी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा 'काढून' दाखविणारे लोकही असत. पण दाढेत असा किडा नसतोच. मग दात पोखरतो कोण?

बर्लिन येथे काम करणारे अमेरिकन दंतवैद्य मिलर यांनी १८९० साली याचा उलगडा केला. तोंडातले सूक्ष्म जंतू गोड व पिठूळ अन्न आंबवितात, त्यातून आम्ल होते आणि ते दातावरचे कठीण कवच विरघळविते. १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' हा जंतू वेगळा काढला. साखर मिळाली की हा जंतू चिकट थर तयार करतो आणि दाताला बिलगून बसतो. लाळ हे आम्ल हळूहळू निवविते, दाताला क्षारही परत देते. पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. पोर दिवसभर गोळ्या चघळत असेल, तर लाळेला सवड कुठून मिळणार?

आता शेतातला अनुभव आठवा. पीक दाट असले की तणाला जागा राहत नाही. तोंडातही चांगले जंतू पेरले तर? असे उपकारक जंतू म्हणजे 'प्रोबायोटिक'. फिनलंडमध्ये हेलसिंकी येथील बालसंगोपनगृहांत एक ते सहा वर्षांच्या ५९४ मुलांवर हा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. सात महिने काही मुलांना लॅक्टोबॅसिलस जातीचा एक निवडक जंतू घातलेले दूध दिले, इतरांना साधे दूध. जंतूंचे दूध पिणाऱ्यांत, विशेषतः तीन-चार वर्षांच्या मुलांत, कीड कमी आढळली.

मग रोज दही खाल्ले की काम झाले, असे म्हणाल! तसे नाही बरं का. एक तर हे जंतू पाहुणे असतात; देणे थांबविले की बहुधा तेही निघून जातात. दुसरे, लॅक्टोबॅसिलस स्वतःही आम्ल करतो. त्याचे भाऊबंद किडीच्या खोल खड्ड्यांत सापडतात. म्हणून अमुक एक वाण उपयोगी पडला, तरी घरच्या विरजणात तोच असेल असे नाही. दही-ताक जरूर घ्यावे, साखर न घालता घ्यावे. पण ते अन्न म्हणून, दाढेचे औषध म्हणून नव्हे.

त्याच फिनलंडमध्ये, तुर्कू येथे, १९७२ ते १९७४ या काळात झायलिटॉल या गोड पदार्थाची परीक्षा झाली. म्युटन्स जंतूला तो आंबविता येत नाही. साखरेऐवजी तो खाणाऱ्यांत नवी कीड जवळजवळ दिसली नाही. मात्र पुढील तपासण्यांत इतका भक्कम पुरावा मिळाला नाही. शिवाय हा पदार्थ कुत्र्याला विषारी आहे, हे ध्यानात असू द्या.

तेव्हा मुख्य भिस्त जुन्याच उपायांवर. गोड खायचे ते जेवणाबरोबर खा, अधूनमधून नको. फ्लोराइडच्या पेस्टने दोनदा दात घासा. रात्री घासल्यावर काही खाऊ नका. मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी.

गुरुजनांना एक विनंती. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते आणि 'पडेल, दुसरी येईल' म्हणून ते तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ती कायमची असते. गेली की पुन्हा येत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना 'आ' करायला सांगा, काळा डाग वा खड्डा दिसला की पालकांना बोलावून घ्या.

विरजण कितीही चांगले असो, भांडे घासलेले नसेल तर दही बिघडतेच. तोंडाचेही तसेच आहे.