शेणाच्या टाकीतले कामकरी

आपल्या सोलापूर जिल्ह्यात ज्वारी पिकते. दाणे आपण खातो, कडबा गुरं खातात. गुरांच्या शेणावर कोणाच्या परसात गोबर गॅसची टाकी चालते. शेणात पाणी कालवून टाकीत सोडतात. काही दिवसांनी चुलीला गॅस मिळतो. हा गॅस करतं कोण?

हे काम टाकीतले बारीक जीव करतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आधी काही जंतू शेण कुजवतात. मग दुसरे जीव त्यातून जळणारा गॅस करतात. त्या गॅसला मिथेन म्हणतात आणि त्या जिवांना आर्किया. पूर्वी त्यांना जंतूंच्याच कुळात धरत. १९७७ साली अमेरिकेतील कार्ल वूज व त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिले, की हे कूळच निराळे आहे.

मिथेन करणारे आर्किया गाईच्या पोटात राहतात. शेणाबरोबर ते टाकीत येतात. हवेतला प्राणवायू आपला आधार, पण त्यांना तो विष. म्हणून टाकी बंद ठेवावी लागते.

या कुळाची भावकी मोठी आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी खारट आणि सोड्यासारखे आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. मिठात वाढणाऱ्या आर्कियांचा तो रंग होता. मिठात कैरीच्या फोडीला पाणी सुटतं. इतर जिवांचंही तसंच होईल. पण हे आर्किया आपल्या अंगातही क्षार साठवतात, म्हणून सुकत नाहीत. त्यांचे काही भाऊबंद कढत झऱ्यांत राहतात. त्यांचे बाहेरचे आवरण इतके चिवट, की त्या उष्णतेतही फाटत नाही.

एका कुळात इतके प्रकार कसे झाले? आपण बियाण्यासाठी चांगलं कणीस निवडतो ना? इथे निवड करणारा माणूस नाही. एका जिवाचे दोन होताना कधी थोडा फरक पडतो. कधी शेजारच्या जंतूचा गुणही अंगी येतो. मग मिठात मीठ सोसणारा टिकतो, कढत पाण्यात उष्णता सोसणारा. कोट्यवधी वर्षं हे असंच चाललं आहे.

तेव्हा टाकीतल्या या कामकऱ्यांना जपा. टाकीत फिनेल किंवा साबणाचे पाणी सोडू नका. थंडीत त्यांचे काम मंदावते, गॅस कमी येतो. घाबरू नका.

पण एक गोष्ट आम्ही पुन्हापुन्हा सांगतो. जे घर त्यांना मानवतं, ते माणसाला मानवत नाही. शेणाच्या टाकीत आणि मैल्याच्या खड्ड्यात प्राणवायू नसतो, विषारी वायू साठतो. आत कधी उतरू नका. कोणी आत पडला, तर त्याच्यामागे उडी टाकू नका, दोघेही जातात. आरडाओरडा करून माणसं जमवा, ११२ नंबरला फोन करा. शेजाऱ्यालाही हे वाचून दाखवा.