गंजलेल्या रुळांची छायाचित्रे

गंज म्हटला की गृहिणीच्या कपाळास आठी पडते. परंतु नवशिक्या छायाचित्रकारास त्याहून चांगला गुरू क्वचितच लाभेल. तो हलत नाही, कंटाळत नाही, आणि शिष्य चुकला तर दुसऱ्या दिवशी तेथेच भेटतो!

वऱ्हाडात असा गुरू पाहावयाचा तर अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापुरास जावे. येथून अमरावती जिल्ह्यातील अचलपूर व दुसरीकडे यवतमाळ येथे जाणारी अडीच फुटी 'शकुंतला' आगगाडी इंग्रज कंपनीने वऱ्हाडी कापसासाठी घातली. १९९४ पर्यंत ती वाफेवर चालली. आता रूळ निजून आहेत.

लोखंडाचा पाणी व प्राणवायू यांशी संयोग झाला की गंज चढतो. तो मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात. हे पापुद्रे सकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसतात. आम्ही प्रथम भर दुपारी गेलो, आणि सारी चित्रे सपाट आली! शिवाय रंगाचा तोल कॅमेऱ्यावर सोपविल्याने तांबूस छटाही फिकटली. तो तोल उन्हासाठी कायम करावा. कॅमेरा पृष्ठभागास समांतर धरावा, नाहीतर एक कड स्पष्ट व दुसरी धूसर येते. रेल्वेच्या हद्दीत मात्र परवानगीवाचून पाऊल टाकू नये.

रुंदीकरण झाले म्हणजे हे रूळ उचलले जातील. या गाडीने आजोळी गेलेली माणसे अद्याप घरोघरी आहेत; त्यांच्या हाती एखादे चित्र ठेविता आले, तर आमची उमेदवारी सार्थकी लागली असे आम्ही समजू.