न गोठणारे रक्त आणि कावीळ

जखमेतून वाहणारे रक्त थोड्या वेळाने आपोआप गोठते. हीमोफिलियाच्या रोग्याच्या रक्तात मात्र त्यासाठी लागणारा एक घटक अपुरा असतो. तो बाहेरून द्यावा लागतो. हा घटक हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढू लागले, तेव्हा त्याबरोबर दात्यांचे रोगही आले. म्हणून विषाणूंवरील चरबीचे वेष्टन विरघळवणारी रसायने वापरण्याची रीत निघाली. 'ब' आणि 'क' काविळींचे विषाणू तिने मरतात. पण 'अ' काविळीच्या विषाणूला हे वेष्टनच नाही! परिणामी १९९० च्या सुमारास इटली, जर्मनी इत्यादी देशांत औषधातूनच काही रोग्यांना कावीळ झाली.

आपल्याकडे ही कावीळ मुख्यतः दूषित अन्नपाण्यातून येते. लहानपणी ती बहुधा नकळत होऊन जाते व जन्मभराची प्रतिकारशक्ती देते. शुद्ध पाण्यावर वाढलेल्या मुलांना ती शक्ती लाभत नाही, आणि मोठ्या वयात हा रोग अधिक पीडा देतो. शिवाय रक्त गोठविणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात, हे विसरून चालणार नाही.

प्रतिकारशक्ती आहे की नाही, हे रक्ततपासणीने कळते. नसेल तर लस घ्यावी. मृत विषाणूंची लस किमान सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा टोचतात. "सुईच्या जखमेचे रक्त थांबेल ना?" ही आईबापांची शंका रास्त आहे. त्यावर उपाय साधा आहे: डॉक्टरांना विकार आधी सांगावा, सुई बारीक असावी, लस शक्यतो कातडीखाली द्यावी आणि नंतर ती जागा न चोळता काही मिनिटे घट्ट दाबून धरावी. भीतीपोटी लस टाळणे हाच मोठा धोका होय.