इराणचा न्यायप्रमुख : न्यायाधीशांपलीकडची सत्ता

इराणमध्ये संपूर्ण न्यायव्यवस्थेची सूत्रं एकाच माणसाच्या हाती असतात. 1989च्या घटनादुरुस्तीपूर्वी हे काम पाच जणांचं मंडळ पाहत असे. आता सर्वोच्च नेता पाच वर्षांसाठी न्यायप्रमुख नेमतो. तो मुज्तहिद, म्हणजे धर्मशास्त्रातून स्वतंत्रपणे कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार असलेला, असावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाचा अध्यक्ष हे पद वेगळं आहे आणि त्याची नेमणूकही न्यायप्रमुखच करतो.

न्यायाधीशांच्या नेमणुका, बदल्या, बढत्या, न्यायविषयक विधेयकं हे सारं त्याच्याकडे. कायदामंत्रीसुद्धा राष्ट्राध्यक्षाला त्यानेच सुचवलेल्या नावांतून निवडावा लागतो. कलम 142 तर मुद्दाम वाचावं असं आहे : सर्वोच्च नेता, राष्ट्राध्यक्ष, मंत्री आणि त्यांच्या बायकामुलांची मालमत्ता पदावर येण्यापूर्वी आणि पद सोडल्यावर न्यायप्रमुखाने तपासायची. कागदावर ही तरतूद उत्तमच. पण तपासणाऱ्याला नेमतो कोण? ज्याची मालमत्ता तपासायची तोच!

पालक परिषदेतही हेच दिसतं. तिच्या बारा सदस्यांपैकी सहा धर्मशास्त्री सर्वोच्च नेता नेमतो. उरलेले सहा कायदेतज्ज्ञ न्यायप्रमुखाने सुचवलेल्या नावांतून संसद निवडते. निवडणुकीला कोण उभं राहणार, हे ही परिषद ठरवते. इब्राहिम रईसी 2021मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि जिंकले, तेव्हा ते न्यायप्रमुखपदावरच होते. अशा व्यवस्थेत न्यायसंस्थेला स्वतंत्र म्हणता येत नाही.