मिलच्या कापडाची वाकळ

बडनेऱ्यात विजय मिल होती, त्यामुळे गावाला गिरणीचं कापड चांगलंच ठाऊक. मागावरून एकसारखं निघणारं हे कापड वाकळीत आलं की एकमेव होतं. जुनी सुती लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि कडेनं धावदोरा घालत आत-आत यायचं. कोरं कापड खळीनं ताठ, सुई अडते. धुऊन धुऊन मऊ झालेलंच हवं. नायलॉनच्या साड्यांचे थर सरकतात, तिथे टाके दाट लागतात. विरल्या जागी ठिगळ बसतं, नक्षी तिथेच सुरू होते: लाल खणाचा त्रिकोण, शेजारी निळ्या शर्टाचा चौकोन. ही रंगांची निवड मला कसलेल्या चित्रकाराच्या तोलाची वाटते. चौघी मिळून शिवायला बसल्या, तर प्रत्येकीचा टाका वेगळा ओळखू येतो.