साबुदाणा पारदर्शक होतो तेव्हा

गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. गोदावरीत स्नान करून एकादशी धरणारी माणसं इथं अजूनही आहेत, आणि त्यातल्या कित्येकांना आता शुगर आहे. उपास सोडा, असं मी त्यांना सांगणार नाही. फराळाच्या ताटाकडे मात्र नीट पाहायला हवं.

रात्री भिजवलेला साबुदाणा सकाळी दोन बोटांत दाबला की त्याचं पीठ होतं. कढईवर झाकण ठेवून वाफ आली की तोच दाणा काचेसारखा दिसू लागतो आणि आपण म्हणतो, खिचडी झाली. स्टार्चचे घट्ट कण पाणी पिऊन फुगले, सैल झाले, त्याची ही खूण. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्याच. त्या सैल झाल्या की पाचकरस त्यांना भराभर तोडतात. अडवायला साबुदाण्यात ना तंतू, ना प्रथिनं. आपल्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम 5 ग्रॅम, चहाचा एक चमचा. 60 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून 50 ग्रॅमच्या आसपास पोटात उतरतं.

निरोगी माणसाचं स्वादुपिंड साखर चढू लागताच साठवलेलं इन्सुलिन सोडतं. टाइप 2 मधुमेहात हा पहिला लोट लवकर आटतो. म्हणून अनशापोटीचा आकडा चांगला आणि जेवणानंतरचा उसळलेला, असं पुष्कळदा होतं. फक्त सकाळचं रक्त देऊन निर्धास्त राहणाऱ्यांची मला काळजी वाटते. जेवणानंतरच्या तपासणीसाठी दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. बहुतेकांसाठी आकडा 180 च्या आत असावा. तपासणीच्या दिवशी मुद्दाम कमी जेवून काय साधणार?

ताटातला क्रमही महत्त्वाचा. 2015 साली न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 11 मधुमेहींना तेच जेवण क्रम बदलून दिलं. भाजी आणि प्रथिनं आधी, पाव शेवटी खाल्ला तेव्हा तासाभरानंतरची साखर सुमारे 37 टक्क्यांनी कमी निघाली. अभ्यास लहान आहे, पण करून पाहायला खर्च काहीच नाही. दाण्याचा कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि दही आधी, भगर किंवा खिचडी शेवटी, वाटीभरच. द्वादशीच्या ज्वारीच्या भाकरीलाही हेच लागू. तिच्यात तंतू असले तरी तीही स्टार्चच, तेव्हा मोजून खावी. जेवल्यावर आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं चालावं. चालताना स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतात.

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपासाचा डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा. पोट रिकामं असलं तरी ही औषधं साखर उतरवत राहतात. सोबत व्होग्लिबोज असेल तर आणखी एक गोष्ट. ही गोळी स्टार्च आणि साखर तोडणाऱ्या पाचकरसालाच रोखते. त्यामुळे घाम फुटून हात थरथरू लागले तर चमचाभर साखर किंवा पेढा वेळेवर कामी येत नाही. घरात ग्लुकोजची पूड हवी, आणि ती कोणत्या फळीवर आहे हे नातवंडांनाही ठाऊक हवं.