झँथन: कणा सेल्युलोजचा, गुण फांद्यांचा

कापूस पाण्यात विरघळत नाही. झँथन गम मात्र चिमूटभर घातला तरी पाणी दाट होतं. गंमत अशी, की दोघांचा कणा एकच: बीटा-१,४ बंधांनी जोडलेली ग्लुकोजची सरळ साखळी, म्हणजेच सेल्युलोज. कोबीवर काळी कूज आणणारा ‘झँथोमोनस कँपेस्ट्रिस’ हा जिवाणू या कण्यावर एकाआड एक ग्लुकोजला तीन शर्करांची फांदी लावतो: मॅनोज, ग्लुक्युरोनिक आम्ल, पुन्हा मॅनोज. मग साखळ्या एकमेकींना चिकटून घट्ट स्फटिक बनवू शकत नाहीत. कुणी म्हणेल, ही करामत फांदीची नाही, तिच्यावरच्या ऋणभाराची. भार एकमेकांना ढकलतात म्हणून साखळी ताणलेली राहते. अंशतः खरं आहे. पण तेवढंच असतं, तर मीठ पडताच द्रावण पातळ व्हायला हवं. ऋणभार असलेल्या कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचं तसं होतंही. झँथन मिठात टिकतो, कारण भार झाकले गेले की फांद्या कण्यालगत दुमडतात आणि रेणूचं ताठ मळसूत्र पक्कं होतं. म्हणून खारट सॉसही बाटलीत दाट राहतो आणि हलवला की वाहतो. सेल्युलोज तोडणाऱ्या विकरालाही हा झाकलेला कणा सहजी सापडत नाही. मीठ कमी करून द्रावण तापवलं आणि मळसूत्र उलगडलं, की मात्र तो तुटू लागतो.